केर आणि कचरा

आमच्या कुणकेश्वरच्या घरात कचऱ्याचा डबा पहिल्यांदा आला तो २०२० साली. मुंबईचं बिऱ्हाड आवरून आम्ही गावी राहायला आलो, तेव्हा तो सामानात होता. निळा, पायाने झाकण उघडणारा. सासूबाईंनी एकदा पाय देऊन पाहिला, झाकण पडू दिलं आणि विचारलं, “म्हणजे कचरो घरात जपून ठेवूचो?”

टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांचा शब्द ‘केर’. केर काढायचा, भरायचा आणि माडाच्या आळ्यात नेऊन टाकायचा. केर म्हणजे पाचोळा, माती, राख, भाजीची देठं. ती साठवायची वस्तूच नव्हे.

देवळाच्या वरच्या अंगाला, उतारावर आमचं घर आहे. मागे परडं. तिथे नऊ माड होते. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं त्या दिवसापासून सात आहेत. दोन हापूसची कलमं, एक रातांबा, फणस, आणि अगदी खाली विहीर. आल्यावर काही महिने मी नुसती बघत होते, कुठली वस्तू कुठे जाते ते. मासे धुतलेलं पाणी आणि खवलं माडाला. भांड्यांचं खरकटं पाणी केळीला. न्हाणीचं पाणी दगडी पाटातून अळवात. माडाचं झावळ महिन्याला एक या हिशेबाने गळतंच. त्याचे हीर काढून वाडवण बांधायची, उरलेला दांडा चुलीत. सोडणं पाणी तापवायला. त्यांची राख भांडी घासायला, आणि उरली तर मिरचीच्या पानांवर. तवशाच्या बिया राख लावून भिंतीला थापलेल्या, पुढच्या पावसापर्यंत. मे महिन्यात पोरांनी चोखून टाकलेल्या रायवळ आंब्याच्या कोयीसुद्धा फुकट जात नाहीत. त्या मातीत घालायच्या, कोंब आला की त्यावर हापूसची काडी बांधायची. हेच ते कोयकलम, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणभर रुजवलेलं.

मुंबईहून पाहुणे येतात, हे बघतात आणि हमखास म्हणतात, आपले पूर्वज किती पर्यावरणवादी होते! सासूबाई चहा ओतता ओतता हसतात. माझे सासरे परळच्या गिरणीत होते. त्यांची मनीऑर्डर आली तर दुकानदाराची उधारी फिटायची. १९८२च्या संपात तीही थांबली. त्यानंतरची काही वर्षं या बाईने सोडणंसुद्धा मोजून जाळली आहेत. करवंटीची डवली वापरली ती पितळेची परवडत नव्हती म्हणून. “आमका कोण इचारूक इल्लो, आवडता काय म्हणान?” असं त्या म्हणतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. गरिबीला कोणी ‘जीवनशैली’ म्हटलं की मला आता त्यांचाच चेहरा आठवतो.

पण गरिबीमुळे का होईना, ती व्यवस्था चालली, आणि ती का चालली हे मला एका माडाचं आळं खोल करताना कळलं. वरच्या थरात बाळाचे डायपर, तेलाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, चकचकीत वेष्टनं. त्याखाली जुन्या दुधाच्या पिशव्या आणि एक रबरी चप्पल. आणखी खाली, हातभर गेल्यावर, नुसतं काळं भुसभुशीत खत आणि गांडुळं. घरातल्या माणसांची सवय तिन्ही थरांत एकच होती: नको ते माडाच्या मुळात टाक. फक्त घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या होत्या. पूर्वी दारातून आत येणारं बहुतेक सगळं कुजणारं होतं. डार्विनने १८८१ साली आपलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, ती माती कशी वरखाली करतात यावर. शांपूच्या पुडीपुढे मात्र गांडुळाचं काही चालत नाही.

जे आळ्यात जायचं नाही ते पेटवलं जायचं. संध्याकाळी दिवा लावला की परड्याच्या कोपऱ्यात आग. सासूबाईंना दमा आहे. देवगडच्या डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं म्हणून आम्ही स्वयंपाकाची चूल बंद करून गॅस घेतला, पण ही आग चालूच राहिली, कारण त्यांच्या मते तो स्वयंपाकाचा धूर नव्हता. मी सांगून पाहिलं, प्लास्टिकचा धूर वेगळा असतो. “धूर तो धूर,” त्या म्हणाल्या. दिवाळीआधी साफसफाई झाली, दोन पोती कचरा पेटला आणि त्या रात्री त्यांचा श्वास अडकला. रिक्षात मी त्यांना धरून बसले होते. मिठमुंबरीचा पूल येईपर्यंत त्यांचे ओठ निळसर झाले होते. दवाखान्यात वाफ आणि ऑक्सिजन मिळाल्यावर पहाटे त्या पहिलं वाक्य बोलल्या ते कोंबड्या कोणी बंद केल्या का हे विचारणारं.

त्यानंतर आमच्या परड्यात प्लास्टिक पेटलेलं नाही. पण मग ते ठेवायचं कुठे? आमच्या वाडीची पाणंद एवढी चिंचोळी की गाडी आत येणं शक्य नाही. भंगारवाला बाटल्या, पुठ्ठे, डबे आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या नेतो. चकचकीत वेष्टनं नेत नाही, कारण त्यात प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि तो सुटा होत नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकवर बंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२पासून काड्या, चमचे, पेले बंद केले. वेफर्सची पिशवी त्या केंद्राच्या यादीत नाही. म्हणून आम्ही उंबरठ्यावरच अडवायला सुरुवात केली. खोबरेल घरच्या नारळांचं. मासळीला डबा. कोळीण पहिल्यांदा डब्याकडे बघून म्हणाली, “पिशयेचे पैशे घेणंय नाय गो!” आता तीच दुसऱ्या गिऱ्हाइकांना माझा डबा दाखवते. तरी बिस्किटं येतातच, औषधांची पाकिटं येतातच. वर्षाला एक पोतं भरतं. मांगरात अशी तीन पोती पडून आहेत.

कुजणाऱ्या केराचंही सगळं सोपं नाही. शहरातल्या मैत्रिणी बाल्कनीतल्या खताच्या टोपलीचे फोटो पाठवतात. इथे खताचा ढीग म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. हा काळा, शिंगाचा भुंगा शेणात आणि कुजलेल्या पाल्यात अंडी घालतो, आणि मोठा झाला की माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो. ते पान उलगडतं तेव्हा कात्रीने कातरल्यासारखं दिसतं. म्हणजे झाडाला खत द्यायचं म्हणून केलेला ढीगच झाडाचा जीव घेऊ शकतो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: ढीग पंधरा दिवसांनी उलथायचा, पांढऱ्या जाड अळ्या वेचायच्या आणि कोंबड्यांपुढे टाकायच्या. कोंबड्या अळ्यांचा वास आल्यासारख्या धावतात. पावसाळ्यात ढिगावर झाप घालावे लागतात, नाहीतर चार महिन्यांच्या धारेत त्याचा नुसता चिखल होऊन घाण सुटते.

एवढं करून परडं काय देतं? पावसात पडवळ, शिराळी, तवशी, अळू. थंडीत लाल माठ, मुळा, वांगी, मिरच्या. वांदर आले नाहीत तर. ते आले की एका सकाळीत पडवळाचा मांडव भुईसपाट. कांदे, बटाटे, डाळी, तांदूळ दुकानातूनच येतात आणि येत राहणार. परड्यावर घर चालतं असं मी कुणाला सांगणार नाही. भाजीची पिशवी हलकी होते आणि केराला जागा मिळते, हे मात्र खरं.

आता त्या जागेचाच प्रश्न आहे. कुणकेश्वरला पर्यटक वाढलेत. धाकट्या दिरांचं म्हणणं, परड्यात चार खोल्या काढू, राहायची-जेवायची सोय करू. त्यात गैर काही नाही. माझा मुलगा बारावीला आहे, त्याच्या शिक्षणाचे पैसे अळवातून येणार नाहीत. गणपतीत ते आले तेव्हा दोरी घेऊन मापं घेतली. अळवाची जागा, केळी आणि दोन माड त्या मापात येतात.

सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. भाऊजी दोरी गुंडाळून आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “आठ माणसांच्या न्हाणीचा पाणी खंय सोडतलस?”

“शोषखड्डो मारूया, आये.”

“खाली कातळ आसा. पाणी मुरणा नाय, उताराक लागता. उताराक काय आसा?”

उताराला विहीर आहे. भाऊजी म्हणाले, इंजिनियरला विचारून सांगतो. दिवाळीला ते त्याला घेऊन येणार आहेत. तोवर अळवात तण माजलंय, ते काढायला हवं.