वाघाची वाट, माणसाची वस्ती

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेने अरबीतून घेतला. आपण हैदराबादकर रोजच्या बोलण्यात जो ‘सफर’ वापरतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. ‘जंगल’ या शब्दाची कथा याहूनही मौजेची आहे. संस्कृतातील ‘जांगल’ म्हणजे विरळ झाडांचा, कोरडा, उघडा प्रदेश. पाणथळ व दाट झाडीच्या प्रदेशाला आयुर्वेदाने ‘आनूप’ असे वेगळे नाव दिले आहे. या हिशेबाने पूर्व आफ्रिकेतील गवताळ सव्हाना हेच खरे जंगल, आणि युगांडातील ब्विंडीसारखे गोरिलांचे पर्जन्यवन हे आनूप म्हणावे लागेल. आपण मात्र दोहोंना एकाच नावाने हाक मारतो.

हल्ली आपल्या नल्लकुंटा, विद्यानगर, बर्कतपुरा या वस्त्यांतील अनेक मराठी घरांत आफ्रिकेची छायाचित्रे पाहावयास मिळतात. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना केनियाला किंवा टांझानियाला घेऊन जातात. परतल्यावर चहाच्या कपासोबत सिंह, जिराफ, हत्तींचे कळप आपल्या पुढ्यात येतात. पाहून आनंद होतो, यात शंका नाही. परंतु सिकंदराबादहून उत्तरेकडे निघणाऱ्या गाडीत बसले, तर पाच-सहा तासांच्या अंतरावर जे अरण्य आहे, तेथे आपल्यापैकी किती जण गेले असतील? चंद्रपूरच्या मुलखातील ताडोबा हे ते अरण्य. ते आपले शेजारी आहे, आणि या शेजाराचे काही देणे आपल्या शिरावर आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

गाडी काझीपेठ, रामगुंडम, मंचेरियाल अशी स्थानके घेत गोदावरी ओलांडते आणि कागजनगरनंतर झाडी दाटू लागते. वीरूर, माणिकगड ही लहान स्थानके मागे पडतात. पाट्यांवरील तेलुगू अक्षरे जाऊन देवनागरी येते. पुढे वर्धा नदीचा पूल आणि बल्लारशा. आपण महाराष्ट्रात आलो असे नकाशा म्हणतो. परंतु ज्या राजुरा तालुक्यातून ही गाडी येते, तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्ये भाषेनुसार विभागली गेली, रान मात्र होते तसेच राहिले. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला आजही तेलंगणातून आणि मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. सागाच्या आणि बांबूच्या झाडीला या सीमेची वार्ता कोणी दिलेली नाही.

मी गेलो तो मे महिना होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची ख्याती वाचकांना ठाऊक असेलच. तथापि वन्य पशू दिसावयाचे तर हाच काळ उत्तम. ओढे आटतात आणि सारे जीव पाणवठ्यावर येतात. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभाक्षेत्र बंद असते. एरवीही मंगळवारी प्रवेश नाही. आरक्षण आधी करावे लागते, ओळखपत्र सोबत लागते आणि गाभ्यात मोबाइल नेण्यास मनाई आहे. ही शेवटची अट मला तर वरदानच वाटली.

पहाटे मोहर्लीच्या दरवाजातून आमची जिप्सी आत शिरली. पानगळ झालेली होती. साग निष्पर्ण उभे होते; धावडा, ऐन, तेंदू, मोह यांच्या खोडांचे निरनिराळे रंग तेवढे डोळ्यांत भरत होते. सव्हानात म्हणे दृष्टी क्षितिजापर्यंत धावते आणि पशू आपणहून डोळ्यांपुढे येतात. येथे तसे नाही. येथे डोळ्यांआधी कानांना कामाला लावावे लागते. आमचा वाटाड्या जवळच्याच खेड्यातील तरुण होता. मध्येच तो हात वर करी, चालक गाडी बंद करी, आणि आम्ही श्वास रोखून बसत असू. दूरवर चितळाची तीक्ष्ण हाक, मग झाडावरून वानराचे खोकणे, मग पुन्हा शांतता. “कॉल तर आहे, पण वाघ बसला असंन,” तो वऱ्हाडी वळणाच्या मराठीत पुटपुटे. त्या सकाळी आम्ही गव्यांचा कळप पाहिला, वाळल्या पानांतून दुडक्या चालीने जाणारी रानकुत्र्यांची टोळी पाहिली, मोहाच्या झाडाखाली घुटमळणारे अस्वल पाहिले.

वाघ दिसला तो दुपारच्या फेरीत, पांढरपौनीच्या पाणवठ्यावर. वाघीण होती. बांबूच्या बेटातून ती इतक्या निवांतपणे बाहेर आली, की तिच्यासाठी ताटकळत उभ्या असलेल्या पंधरा-वीस गाड्या जणू तेथे नव्हत्याच. ती पाठीमागून पाण्यात उतरली, मानेपर्यंत बुडून बसली आणि तिने डोळे मिटले. गाड्यांतील कुजबुज थांबली. वर्गात शांतता राखण्यात माझी हयात गेली, पण इतकी पूर्ण शांतता मला कधी साधली नव्हती.

या अरण्याचा इतिहास कागदावर सरळ दिसतो. ११६ चौरस किलोमीटरचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये जाहीर झाले. त्याला लागून अंधारी नदीच्या नावाचे अभयारण्य १९८६ मध्ये झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज गाभा आणि भोवतालचे क्षेत्र मिळून तो १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. पण ‘ताडोबा’ हे नाव कोणाचे? तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला, तोच पुढे या रानाचा देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा आहे. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे भाविक जमतात. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. या अरण्याचा देव वाघ नाही, वाघाला मारणारा वीरही नाही. वाघाच्या हातून मेलेला एक माणूस हा येथला देव आहे.

परतीच्या वाटेवर जामणीचे कुरण लागले. हिरव्या-पिवळ्या गवतात चितळांचे कळप चरत होते. येथे पूर्वी गाव होते. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गाभ्यातील गावे गेल्या वीस वर्षांत उठवून बाहेर वसविण्यात आली आणि शेतांच्या जागी कुरणे झाली. हरणे वाढली, हरणांमागे वाघ वाढले. आम्हां पर्यटकांना जे दृश्य रमणीय वाटते, ते कोणाच्या तरी अंगणावर उगवलेले गवत आहे. मी वाटाड्याला विचारले, “गाव सोडून गेलेले लोक परत येतात का कधी?” तो म्हणाला, “येतात ना गुरुजी. देवाले येतात.” एवढेच. पुढे त्यालाही बोलावेसे वाटले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही.

आफ्रिकेतही हेच झाले आहे. सेरेंगेटीतील मसाई लोकांना १९५९ मध्ये तेथून हलवून शेजारच्या न्गोरोन्गोरो क्षेत्रात जावे लागले. छायाचित्रांतील त्या निर्मनुष्य कुरणांमागेही माणसे होती.

जी गावे अरण्याच्या कडेला राहिली आहेत, त्यांचे मोल आणखी जड आहे. मोहाची फुले आणि तेंदूची पाने हे त्यांचे उन्हाळ्याचे पीक. पहाटेच्या गारव्यात बायका पाने तोडावयास रानात शिरतात; वाघाचीही फिरण्याची वेळ तीच. खाली वाकून पाने खुडणारी बाई वाघाला माणूस न वाटता चार पायांचे सावज वाटते, असे जाणकार सांगतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने गोळा करणाऱ्या तीन स्त्रिया एकाच वेळी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द ताडोबाच्या गाभ्यात, व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीने ओढून नेली. २००६ मध्ये देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ते साडेतीन हजारांच्या पुढे गेले, हे वाचताना आपली छाती फुगते. त्या आकड्याची किंमत कोणी मोजली, हे या नावांच्या यादीत पाहावे लागते.

आता कोणी म्हणेल, हा प्रश्न महाराष्ट्राचा. आपण तेलंगणातील मंडळींनी त्यात का पडावे? याचे उत्तर वाघानेच दिले आहे. तरुण वाघाला स्वतःचे राज्य लागते. बापाच्या मुलखात त्याला थारा नसतो, म्हणून तो निघतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये रेडिओ-पट्टा बांधलेला होता. जूनमध्ये तो निघाला, आपल्या आदिलाबादच्या रानातून फिरला, आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची तेराशे किलोमीटरांवर पायपीट झाली होती. ताडोबाच्या बाजूचे वाघ प्राणहिता ओलांडून कागजनगरच्या रानात येतात. तेथून पुढे जन्नारमजवळचे आपले कवल अरण्य आहे. १९६५ चे हे अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. रान आहे, पाणी आहे, फक्त वाघ पुरेसे नाहीत. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ आणि तेलंगणात २१ वाघ भरले. तिकडे दाटी आणि इकडे ओसाडी. मधली वाट मोकळी राहिली, तरच हे पारडे समतोल होईल. सेरेंगेटीतील विल्डबीस्ट दरवर्षी मारा नदी पोहून टांझानियातून केनियात जातात आणि जग ते पाहावयास लोटते. आपला वाघ एकटा, रात्री, कोणी न पाहता पैनगंगा आणि प्राणहिता ओलांडतो.

त्या वाटेवर आज काय काय आहे? कापसाची शेते, कोळशाच्या खाणी, चौपदरी महामार्ग आणि मी ज्यावरून गेलो तो लोहमार्ग. गोदावरीच्या खोऱ्यातील कोळशावर आपल्या घरातील पंखा फिरतो. तेव्हा वाघाची वाट अडविणाऱ्यांत आपणही आहोतच. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरच्या रानात विष घातलेल्या गुराच्या मांसाने वाघ मेला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये आसिफाबाद जिल्ह्यात वाघाने दोन माणसांचा बळी घेतला होता. दोन्ही बाजूंना भय आहे.

यावर उपाय म्हणून ३० मे २०२५ रोजी तेलंगण सरकारने कवल आणि ताडोबा यांना जोडणारे सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे रान ‘कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. आदिवासींनी तीव्र विरोध केला आणि जुलैमध्ये तो आदेश स्थगित ठेवावा लागला. नावातील विरोधाभास ध्यानात घ्यावा. कुमरम भीम हा गोंड वीर ‘जल, जंगल, जमीन’ यांसाठी निजामाच्या राजवटीशी लढला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची स्थिती अभ्यासण्यास पाठविण्यात आले. त्यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले. गोंडी मुलांची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. आधी माणसाचे ऐकावे, मग कायदा करावा, हा धडा या मातीने एकदा रक्त सांडून शिकविला आहे.

माझे मत स्पष्ट आहे. वाघाची वाट राखलीच पाहिजे. परंतु तिचा राखणदार तिच्यावर राहणारा माणूसच असू शकतो. त्याला विचारून सीमा आखावी, जमिनीचा हक्क लेखी द्यावा, मेलेल्या गुराची भरपाई आठवड्याच्या आत हाती पडावी आणि पर्यटनाच्या पैशातील मोठा वाटा गावाच्या तिजोरीत जावा. गुराची भरपाई वेळेवर मिळाली, तर विषाची बाटली कोणी उघडत नाही.

आपल्या हाती काय आहे? ताडोबाला जावे, अवश्य जावे, पण वाघ दिसला नाही म्हणून पैसे बुडाले असे म्हणू नये. गावातील खाणावळीत जेवावे आणि वाटाड्याला त्याच्या गावाची विचारपूस करावी. येताना एकदा जन्नारमलाही उतरावे. तेथे वाघ बहुधा दिसणार नाही. परंतु कवलच्या ओल्या वाळूत एखाद्या सकाळी पंजाचा ठसा उमटलेला आढळला, तर तो पाहुणा किती दुरून आणि कोणाकोणाच्या शेताच्या बांधावरून आला असेल, हे ओळखण्याइतके तरी आपल्याला त्याच्या वाटेचे ज्ञान असावे.