चिमूटभर बियाचं देणं

फेब्रुवारीत न्यू जर्सीहून पुतणीचा फोन आला. "काका, टोमॅटोचं बी घरात कधी लावू? खिडकीत ट्रे मांडून ठेवलेत." तिच्याकडे मे उजाडला तरी एखाद्या रात्री रोपं गोठायची भीती असते. मी म्हटलं, "रोप बाहेर कधी न्यायचं ते आधी ठरव, मग तिथून सहा-सात आठवडे मागे मोज." तिला वाटलं, काकांना अमेरिकेतलंही कळतं. मला तिथलं काहीएक कळत नाही. हे मागे मोजणं मला किन्हवलीकडच्या एका आजीने शिकवलं, आणि ती सगळ्या आयुष्यात कल्याणच्या पुढे गेली नव्हती.

सरळगाव-किन्हवली रस्त्याला, ओढ्याच्या काठी आमचं एकरभर खाचर आहे. 1996 साली नोकरी सोडून मी तिथे आलो आणि भातानंतर टोमॅटो घ्यायचं मनात धरलं. पहिल्या वर्षी घाई केली. गणपती उठले तसं उघड्यावर वाफ्यात बी टाकलं. रोप बोटभर झालं आणि हत्ती लागला. आमच्याकडे हस्त नक्षत्राला हत्तीच म्हणतात. तो दुपार कलली की गडगडत येतो आणि तासाभरात बांध फोडून जातो. तीन दिवसांत रोपं बुडाशी काळी पडली आणि आडवी झाली. दुसऱ्या वर्षी नको तेवढा शहाणा झालो, दिवाळीचा फराळ संपवून पेरलं. झाडं दृष्ट लागण्यासारखी झाली, पण पहिले दोन घोस धरले तेवढेच. पुढचा बहर मार्चात सापडला. पारा 35 अंशांच्या वर गेला की टोमॅटोचे परागकण कामातून जातात आणि फूल देठातूनच गळतं. रोज सकाळी सरीत पिवळा सडा. त्यात विहीर तळाला गेलेली. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यातच आहेत, त्यांचं पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. असो, तो वेगळा विषय.

आजीचं खाचर आमच्या बांधाला लागून. दोन्ही वर्षं ती बघत होती, बोलली नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा तिचा बाणा. शेवटी मीच तिच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"भात कदी निघतंय तुजं?" तिने उलट विचारलं.

"निमगरवं आहे. दिवाळीच्या आगेमागे."

"मंग त्याच्या आधी महिना धर. रोप तयार नि खाचर रिकामं, दोन्ही एका दमात पायजे."

मी म्हटलं, "पण तेव्हा तर हत्ती असतो."

"हत्ती घरात शिरतो का?" ती म्हणाली आणि मला पडवीत घेऊन गेली.

तिथे बांबूची एक जुनी पाटी होती, आतून शेणाने सारवलेली. माळ्यावरून तिने गोणी उतरवली. आत राबाची माती. उन्हाळ्यात भाताच्या आवणासाठी राब भाजतात तेव्हाच, पावसाआधी, ती दोन घमेली माती काढून ठेवायची. पालापाचोळ्याच्या आगीत तिच्यातलं तणाचं बी आणि कीड जळून गेलेली असते. माझी रोपं बुडाशी का काळी पडली, ते त्या मातीत हात घातल्यावर मला उमगलं. आज शेडनेटवाले ट्रेमध्ये कोकोपीट भरतात तेही याचसाठी, मातीतला रोग रोपाला लागू नये म्हणून.

तिने बी चुलीच्या राखेत चोळलं, म्हणजे मुंग्या नेत नाहीत. बोटाने रेघा ओढून विरळ टाकलं, वर चाळलेली माती, त्यावर पेंढा. पेंढा मात्र कोंब दिसले त्याच दिवशी काढायचा, सहाव्या नाहीतर सातव्या. एक दिवस उशीर झाला तर रोप उजेड शोधत लांबुळकं होतं. मग रोज सकाळी पाटी अंगणात, ढग भरून आले की पडवीत. शेवटचे आठ दिवस पाणी तोडून उन्हाची सवय. तान्ह्या पोराला करावं तसं सगळं.

बी तिचंच होतं. टोमॅटोला ती बेलवांगी म्हणायची. लिंबाएवढी, पातळ सालीची, आंबट. त्या वर्षी म्हशाच्या यात्रेला, पौषी पुनवेला, माझा पहिला तोडा झाला आणि ऊन तापायच्या आत पीक हातात आलं. मी पैसे द्यायला गेलो तर रागावली. "बी इकत नाय कोन. चिमूट नेलीस, चिमूट आणून दे."

तेवढंच माझ्याकडून झालं नाही. बेलवांगीची साल पातळ, कल्याणच्या बाजारात पोचेपर्यंत फुटायची. पुढच्या वर्षी मी संकरित बी आणलं. भाव बरा मिळाला आणि आजीचं बी धरायचं राहून गेलं. एका वर्षाने काय होतंय, म्हणत चार वर्षं गेली. संकरिताचं बी धरून उपयोग नसतो, पुढच्या पिढीत झाड मूळचं राहत नाही, तेव्हा परत द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. तिचेही गुडघे गेले होते, परसात काही लावणं सुटलं होतं. शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा बियाची आठवण तिनेही काढली नाही आणि मीही नाही.

तिची सून अजून त्याच घरात राहते. पाटी मोडली, पण राबाची माती ती आजही काढून ठेवते. मध्यंतरी मला म्हणाली, "माती हाय भाऊ, बीच नाय."

शहापूर-मुरबाडकडे कुणाच्या परसात लिंबाएवढी, आंबट, पातळ सालीची बेलवांगी अजून तग धरून असेल, तर दोन फळं झाडावर पिकू द्या आणि चिमूटभर बी राखेत ठेवा. हत्ती लागायच्या आत येऊन घेऊन जाईन.