खाडा

आई गेल्यानंतर तिचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं आणि फडताळाच्या दारामागे खिळ्याला लावलेलं तिचं शेवटचं कालनिर्णय हाती आलं. कागदाला फोडणीचा वास होता. एका चौकोनात तिच्या अक्षरात ‘खाडा’. त्या दिवशी दूध घेतलं नव्हतं.

कोणता वार ते चटकन कळेना. मला ऑफिसच्या कॅलेंडरची सवय, तारखा आडव्या वाचायच्या. कालनिर्णयात वार डाव्या कडेला एकाखाली एक, आणि तारखा वरून खाली उतरतात. आईचं बोट तसंच उतरायचं. रविवार, सोमवार, मंगळवार. शनिवार संपला की पुन्हा वर, शेजारच्या रांगेत.

मी पायथन शिकवते आणि अ‍ॅरेवरच्या, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावरच्या, क्रिया समजाव्यात म्हणून मुलांसाठी छोटी अ‍ॅनिमेशन्स बनवते. त्यातलं ट्रान्सपोजचं माझं लाडकं. रंगीत चौकोन उठतात, एकमेकांना तिरपे ओलांडतात, आडव्या रांगा उभ्या होतात. कर्णावरचे तेवढे जागच्या जागी राहतात. कॉलेजात हे मला कुणी दाखवलं नाही. ‘रोचे कॉलम, कॉलमच्या रो, लिहून घ्या.’ असं का, म्हणून विचारलं तर तासभर उभं केलं. तो राग अजून गेलेला नाही.

केनेथ आयव्हर्सनचं ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक १९६२ सालचं. त्यातल्या चिन्हांमधून पुढे एपीएल ही भाषा झाली. तिच्यात अ‍ॅरेची डावी-उजवी बाजू उलटायची तर वर्तुळ आणि त्यातून उभी रेघ. वरचं खाली करायचं तर आडवी रेघ. ट्रान्सपोजला तिरपी. ज्या रेघेभोवती फिरवायचं तीच काढलेली! आयबीएमच्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर आधी वर्तुळ उमटवायचं, एक घर मागे यायचं आणि त्याच्यावरच रेघ मारायची. एका अक्षरात अख्खी हालचाल. मला तेव्हा एवढं एक चिन्ह कुणी काढून दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

पण माझं अ‍ॅनिमेशन एका बाबतीत खोटं आहे. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत ट्रान्सपोज केलं तर एकही आकडा हलत नाही. मेमरीत सगळे एका ओळीत होते तिथेच असतात. बदलतात त्या उड्या, म्हणजे स्ट्राइड्स. ऑफिसच्या कॅलेंडरवर उजवीकडे सरकलं की १ दिवस पुढे, खाली उतरलं की ७. आईच्या कालनिर्णयावर खाली १, उजवीकडे ७. महिना तोच.

म्हणून आता नवीन करते आहे. त्यात आकडे स्थिर राहतील, फक्त एक बोट फिरेल. बोटाला वेग किती द्यावा ते बघायला आईच्या त्याच पानावर माझं बोट ठेवलं. आधी तिच्यासारखं खाली. मग माझ्या सवयीनं आडवं, सगळ्यांत वरच्या, रविवारच्या ओळीतून.

५ तारखेला पेन्सिलीनं ‘२ लि.’ १२ला ‘खाडा’. १९ला पुन्हा ‘२ लि.’

रविवारी मी जायचे. बासुंदीसाठी ती दूध जास्त घ्यायची. १२ला मीच तिला दिवसभरासाठी माझ्याकडे आणलं होतं.

२६चा चौकोन कोरा आहे. नेहमीचं १ लिटर.