झाकलेलं बटण आणि हिरवा रिपोर्ट

संपादकांची अट आहे की तांत्रिक फार नको. प्रयत्न करतो. ऑटोमेशन टेस्टिंग म्हणजे माणसाऐवजी यंत्राने बटणं दाबायची, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि तिच्या पाठोपाठ ‘त्यात काय एवढं?’ हे येतंच. दाबणं सोपंच आहे. ते बटण माणसाला दाबता आलं असतं का, हे ठरवणं अवघड. वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१८मध्ये मान्य केलेल्या, ब्राउझर यंत्राकडून हाताळण्याच्या वेबड्रायव्हर या प्रमाणकात ही क्रिया बारकाईने लिहिलेली आहे: पान सरकवून एलिमेंट, म्हणजे इथे बटण, नजरेच्या टप्प्यात आणायचं, त्याच्या दिसणाऱ्या भागाचा मध्यबिंदू काढायचा आणि त्या बिंदूवर सगळ्यात वर तेच आहे ना, हे तपासायचं. वर दुसरंच काही आलं असेल, समजा कुकीची परवानगी मागणारी पट्टी ‘पैसे भरा’वर पसरली असेल, तर क्लिक होत नाही, ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’ अशी एरर येते.

या एररवर आमच्याकडे एक रामबाण उपाय सर्रास चालतो: जावास्क्रिप्टने थेट क्लिक. त्याला पट्टीबिट्टी काही आडवी येत नाही. रिपोर्ट हिरवा होतो आणि लहान स्क्रीनवर पैसे भरणारा तिथेच अडकलेला राहतो. कुलूप उघडेना म्हणून खिडकीतून आत जायचं आणि किल्ली उत्तम चालते असा दाखला द्यायचा, त्यातला हा प्रकार. गंमत अशी की २००४मध्ये जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्समध्ये लिहिलेलं मूळ सेलेनियम हे टेस्टिंगचं साधन पानाच्या आत जावास्क्रिप्ट म्हणूनच चालायचं. पुढे सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरने ब्राउझर बाहेरून, वापरणाऱ्यासारखा हाताळायचा मार्ग धरला. तो मार्ग सोडून आपण हौसेने मागे जातो. यावर म्हणतात, पान लोड होतानाचा लोडर क्षणभरच आडवा येतो, माणूस थांबला असता. बरोबर आहे, मग यंत्रालाही थांबवा. प्लेराइट हे साधन तेच करतं: एलिमेंट दिसतंय का, हलायचं थांबलंय का, झाकलेलं नाही ना, हे पाहिल्यावरच क्लिक. अर्थात त्यातही या तपासण्या टाळणारा ‘फोर्स’ नावाचा चोरदरवाजा ठेवलेला आहेच.

बटण शोधतानाही हाच न्याय लावावा. ‘तिसऱ्या डिव्हमधल्या दुसऱ्या डिव्हमधलं’ असा एक्सपाथ, म्हणजे पानाच्या रचनेतला पत्ता, मांडणी जरा हलली की मोडतो, कारण माणूस बटण असं शोधतच नाही. ‘“पुढे जा” नावाचं बटण’ अशी भूमिका आणि नाव सांगणारा लोकेटर, म्हणजे शोधायची खूण, बरा. साइट मराठी-इंग्रजी असेल तर भाषेबरोबर नाव बदलतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे फक्त टेस्टसाठीची न बदलणारी ओळख, म्हणजे टेस्ट-आयडी द्यावा. पण डिव्हलाच, म्हणजे नुसत्या चौकटीलाच, रंग फासून बटण केलेलं असेल, तर भूमिकेवरून ते सापडणार नाही. स्क्रीन रीडरही त्याला बटण म्हणणार नाही आणि टॅब दाबून तिथे पोचता येणार नाही. अशा वेळी लोकेटर बदलून टेस्ट पास करून घेणं म्हणजे बग लपवणं. खरा उपाय डेव्हलपरकडे आहे, तिथे साधा बटण टॅग लिहायचा. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘रिलीजनंतर बघू.’