जागच्या जागी

माणसाच्या आठवणीत नावांचे खाते कच्चे आणि जागांचे खाते पक्के असते, असे माझे जुने मत आहे. आमच्या आईच्या फडताळात २५-३० डबे होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. पण दिवे गेले तरी तिचा हात नेमका हिंगाच्या डबीवर पडे. ‘वरून दुसरी फळी, डावा कोपरा’ एवढाच तिचा पत्ता! संगणकाला हा पत्ता चालत नाही. त्याला नाव लागते. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा, आणि प्रत्येकाचे नाव निराळे. नाव विसरलात की वस्तू घरात असून नसल्यासारखी.

हे मी थट्टेने म्हणत असे. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या दादाला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र अडली. चष्मा हवा असला की तो ‘दार, दार’ म्हणे, आणि भलतेच बोललो हे उमगून डोळे पुसे. ३२ वर्षे हिशेब लिहिलेला माणूस! पेन्शनचे कागद, दवाखान्याचे अहवाल, आवडती नाट्यपदे, सारे त्याने संगणकात नीट नावे देऊन ठेवले होते. आता तीच नावे त्याला लागेनात. कात्री कोणत्या खणात आहे, हे मात्र तो बोटाने बिनचूक दाखवी.

तेव्हा मला ‘झूम’ पद्धतीच्या पडद्याची आठवण झाली. कल्पना सोपी आहे. पडदा म्हणजे कप्प्यांचे कपाट नव्हे, एक अफाट कागद समजायचा. वस्तू त्यावर आपापल्या जागी मांडायच्या. लांबून पाहिले की सारा कागद दिसतो, जवळ गेले की हवी ती वस्तू. मोबाइलवरचा नकाशा आपण बोटांनी लहानमोठा करतो, तसेच.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत १९७०च्या दशकात निकोलस नेग्रोपाँटे आणि रिचर्ड बोल्ट यांनी भिंतीएवढ्या पडद्यावर ‘डेटालँड’ नावाची एक नगरीच वसवली होती. खुर्चीत बसायचे आणि खुर्चीच्या हातावरच्या लहानशा दांडीने तीत हिंडायचे. १९९३ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांनी ‘पॅड’ मांडले. त्यात जवळ जाताना वस्तू नुसती मोठी होत नसे, तिचे रूपही बदलू शके. लांबून नुसते साल, जवळून महिने, आणखी जवळून एकेका दिवसाचे टिपण, असे. मॅकिंटॉशचे काम सुरू करणाऱ्या जेफ रास्किन यांनी तर २००० साली पुस्तक लिहून नेहमीच्या संगणकाला भूलभुलैया ठरवले आणि या पद्धतीची बाजू घेतली.

दादाच्या मुलीच्या मदतीने मी असा कागद तयार केला. काय कोठे ठेवावे हा प्रश्न होता, म्हणून त्यावर आमच्या वाईच्या जुन्या घराचा आराखडाच काढला. ओटीवर रेडिओ असे, तेथे नाट्यपदे. माजघरात लोखंडी पेटी असे, तेथे पेन्शन आणि बँक. आजीच्या खोलीत काढ्यांच्या बाटल्या असत, तेथे दवाखान्याचे अहवाल. परसू मोकळे ठेवले.

या पद्धतीला एक जुने दुखणे आहे. दोन वस्तूंमधल्या कोऱ्या जागेत फार खोल शिरले की पडदा पांढराफटक होतो. दिशाच कळत नाही. सुझान ज्यूल आणि जॉर्ज फर्नास या संशोधकांनी १९९८ साली त्याला ‘वाळवंटी धुके’ म्हटले. दुसऱ्याच दिवशी दादा त्या धुक्यात सापडला. माझे मनगट घट्ट धरून म्हणाला, ‘घर... घर कुठं?’ मग पुतणीने प्रत्येक खोलीच्या जमिनीला निराळा रंग दिला, फार खोल जाण्याची वाट बंद केली, आणि साऱ्या घराचे छोटे चित्र कोपऱ्यात कायमचे ठेवले. त्यावर बोट टेकले की माणूस थेट अंगणात!

ही पद्धत सर्वांनी घ्यावी असे मी म्हणणार नाही. ज्याला नाव आठवते त्याने ते टाइप करावे. वस्तू पुढ्यात हजर. आणि कागद हजारांनी असतील तर हिंडून हिंडून बोट दुखेल. पण ज्याची नावे गेली आणि जागा तेवढ्या उरल्या, त्याने काय करावे?

आठवड्याभरात दादा आपण होऊन ओटीवर पदे लावू लागला. एकदा माजघरातून पेन्शनचा कागद काढून त्याने मला त्यातल्या एका रकमेवर बोट ठेवून दाखवले. चेहऱ्यावर अस्सल हिशेबनीस!

परवा पाहतो तो परसात, तुळशीपाशी, वहिनींचा फोटो. आम्ही तो ओटीच्या भिंतीवर लावला होता. दादाने तो बोटाने ओढत तेथवर नेला होता. वहिनी जाऊन सहा वर्षे झाली. झटक्यानंतर त्यांचे नाव त्याच्या तोंडून एकदाही नीट उमटलेले नाही. पुतणीने विचारले, ‘काका, आईचा फोटो परत भिंतीवर लावू?’

मी म्हटले, ‘राहू दे. सकाळी वहिनी तिथंच असायच्या.’