गेलेल्यांची जागा

जळगाव शहरातील एका खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव दिलेले आहे. या नावाचे आणि त्या गावाचे नाते फार जुने आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा गोड गळ्याचा मुलगा बालपणी जळगावास होता आणि तेथेच मेहबूबखाँ या गवयांनी त्याला संगीताचे पहिले धडे दिले. पुढे हाच नारायण ‘बालगंधर्व’ या नावाने महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

१९०५ साली नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. ही मंडळी अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली उभी केली होती. १८८५ साली अण्णासाहेब वारले. भाऊराव कोल्हटकरांच्या गायनाने मंडळीला तारले. १९०१ साली भाऊरावही गेले. माणसे गेली, परंतु मंडळी राहिली. ‘मंडळी’ हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे. तो एकट्यादुकट्याला लावताच येत नाही!

१९११ साली ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले. त्यात भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती, तर धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. त्याच वर्षी जोगळेकरांना मृत्यूने गाठले. तेव्हा ज्यांनी त्या नाटकाला चाली दिल्या होत्या, ते गोविंदराव टेंबे हार्मोनियम बाजूला ठेवून स्वतः नायक म्हणून उभे राहिले. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणेशराव बोडस या तिघांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. पण दोनच वर्षांनी टेंबे वेगळे झाले. पुढे बोडसांनीही निरोप घेतला. तिघांनी उचललेला भार आता एकट्याच्या खांद्यावर आला, आणि त्यात कर्जाचाही भार होता.

गेलेल्यांच्या जागी नवी माणसे येत राहिली. ‘स्वयंवरा’ला अवीट चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले, त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी संगीताची धुरा उचलली. विनायकराव पटवर्धन त्याच सुमारास आले आणि दहा वर्षे गाऊन गेले. तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असे थोर कलावंत साथीला बसले.

धैर्यधराच्या जागेची एक आठवण तर विलक्षण आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ केले. भामिनी होते बालगंधर्व, आणि धैर्यधर होते ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले. त्या एका रात्री स्पर्धा विसरली गेली. तीनच महिन्यांनी केशवरावही कालवश झाले. त्यांची मंडळी मग बापूराव पेंढारकरांनी सांभाळली.

हे केवळ महाराष्ट्रातच घडले असे नव्हे. अमेरिकेतील मिल्स बंधू हे चौघे भाऊ आपापले स्वर एकमेकांत मिसळून गात असत. १९३६ साली थोरला भाऊ जॉन मरण पावला. तेव्हा त्याचा खर्जाचा स्वर कोणी धरला? त्यांच्या वृद्ध पित्याने! मुलाच्या रिकाम्या जागी उभे राहून गाताना त्या पित्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल!

रिकामी जागा भरणे म्हणजे गेलेल्याला विसरणे नव्हे. त्याने अर्धवट सोडलेले काम हाती घेणे, हाच त्याचा खरा आदर होय. तथापि नवा माणूस जुन्याची हुबेहूब नक्कल करीत नाही; तो आपलाच सूर लावतो आणि इतरांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. अशी जुळवाजुळव जोवर चालते, तोवर मंडळी जिवंत असते.

१९६७ साली बालगंधर्व गेले. जळगावच्या त्या नाट्यगृहात आज जो मुलगा प्रथमच गाण्यास उभा राहील, त्याचे पाय थरथरतील. नारायणाचेही कधी काळी थरथरले असतील.