देवळालीचा ताप आणि मुंढव्याचा ग्लास

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला मुंढवा रोडला एकदा उभं राहून बघाच. एकीकडे भारत फोर्जची अवाढव्य फॅक्टरी, दुसरीकडे पाणीपुरीची गाडी आणि मधल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षातून उतरता उतरता गळ्यातली आयकार्डं खिशात सरकवणारी मगरपट्ट्याची तरणी मंडळी. जरा पुढे केशवनगरात गेलात तर कुंभारवाडा. दिवाळी जवळ आली की तिथे पणत्यांचे ढीगच्या ढीग लागलेले असतात. आणि याच टापूत, काचेच्या भिंतीपलीकडे, स्टीलच्या चकचकीत टाक्या. त्यात तयार होत असते बिअर. कारखान्यातून ट्रकने आलेली, बाटलीत भरलेली नव्हे. इथेच शिजवलेली, इथेच मुरवलेली, नळाला ग्लास लावून थेट तुमच्यासमोर येणारी. क्राफ्ट बिअर म्हणतात ती हीच.

मी केशवनगरात राहते, मगरपट्ट्यात नोकरी करते. त्यामुळे या बिअरचा शोध घ्यायला मला कुठे लांब जावं लागलं नाही. तिच्यावरचे वाद मात्र पार घरापर्यंत आले. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आणि चक्क आमच्या मामासमोरसुद्धा!

नाव कुठलं, गाव कुठलं

आधी थोडा इतिहास. पुण्यात हे खूळ आलं २००९ मध्ये. कॉरिन्थियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्यावहिल्यांपैकी ती एक. पुढे ती मुंबईलाही गेली. मग कोरेगाव पार्कात ‘एफिंगट’ आलं, मुंढवा रोडला ‘इंडिपेन्डन्स’ आलं, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ आलं. बघता बघता पुणं हे पेन्शनरांचं, विद्यार्थ्यांचं आणि अमृततुल्याचं शहर बिअरवाल्यांच्या नकाशावरही जाऊन बसलं.

पण त्या ‘डूलाली’ नावाची गंमत ऐका. हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! ब्रिटिशांच्या काळात तिथे लष्कराचा मोठा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडून राहायचे. बोटी सुटायच्या ठरावीक मोसमातच. तोवर हाताला काम नाही, वरून ऊन, सोबतीला दारू आणि हिवताप. काहींच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. त्या अवस्थेला सोल्जरांच्या बोलीत नाव पडलं ‘डूलाली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला साधा मराठी ‘ताप’. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे सरळ वेडा असा शब्द रुळला. बिअरच्या नळालाही इंग्रजीत टॅपच म्हणतात. म्हणजे देवळालीचा ताप फिरून पुण्यात नळाला आला म्हणायचं!

‘अगं, हे ताक हाय का काय?’

आता मामा. आमचा मामा कोल्हापूरकडचा. ऊस, चार म्हशी आणि घरचं गुऱ्हाळ चालवलेला माणूस. पुण्यात लग्नाला आला होता. संध्याकाळी म्हणाला, ‘तुझ्या घरामागं ती बिअरची फॅक्टरी हाय म्हणं, दाखव की.’ मामासमोर ग्लास हातात घ्यायचा म्हणजे जरा धाकधूकच. पण म्हटलं, विचारतोय तर जाऊ या. सोबत ऑफिसमधला एक नागपूरकर मित्र आणि एक मैत्रीण.

पहिला ग्लास आला हेफेवाइझनचा. ही जर्मनीतल्या बव्हेरियाची गव्हाची बिअर. गाळत नाहीत, म्हणून गढूळ दिसते. मामानं ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, ‘अगं, हे ताक हाय का काय?’ मग वास घेतला. ‘केळ्याचा वास येतोय. आणि लवंग. एसेन्स घातलाय गं ह्यांनी!’

एसेन्स नाही, बरं का. ही सगळी यीस्टची करामत. या बिअरचं यीस्ट आंबवता आंबवता स्वतःच पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये मात्र खरंच मसाला पडतो: संत्र्याची साल आणि आपले धने! स्टाउट काळी दिसते ती भाजलेल्या बार्लीमुळे, कॉफीसारखी.

मामाला काचेपलीकडची टाकी बघायची होती. तिथल्या मुलानं हौसेनं दाखवली. बार्लीला मोड आणून, वाळवून केलेलं माल्ट भरडायचं. साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे धान्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून उकळायचं, उकळताना कडू चवीसाठी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची, मग थंड करून यीस्ट घालायचं. एल जातीची बिअर खोलीच्या तापमानाच्या आसपास दोनेक आठवड्यांत तयार होते. लागर मात्र थंडीत आठवडेच्या आठवडे मुरत पडते.

मामा ऐकत होता. मग म्हणाला, ‘म्हंजे गुऱ्हाळच की! ही काहील, ही मळी, आणि चोथा कुठं जातो?’ चोथा म्हणजे उरलेलं माल्ट. ते जनावरांच्या खाद्यात जातं, असं कळल्यावर मामाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. धान्य वाया जात नाही, म्हणजे धंदा बरा असणार!

स्ट्राँग विरुद्ध सगळे

नागपूरकर मित्राचा मात्र मुद्दा वेगळा. ‘एका ग्लासच्या पैशात दुकानातून दोन स्ट्राँग येतात यार. मग हे नखरे कशाला?’

यात तथ्य नाही असं कसं म्हणू? आपल्या देशात खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच असते. चिल्ड प्यायची, लवकर चढवायची. चवीपेक्षा टक्क्याला भाव. तिच्यात माल्टबरोबर तांदूळ, मका, साखर असं काहीबाही असतं. आणि ती ग्लिसरीनची गोष्ट तर तुम्हीही ऐकली असेल. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरली की खाली तेलकट काहीतरी उतरताना दिसतं, ते ग्लिसरीन! प्रत्यक्षात बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरते आणि पाणी वर चढतं. संपला विषय. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे कॉलेजची चार वर्षं आम्ही पाणी पीत होतो?’

मैत्रिणीचं म्हणणं, दोन ग्लासांत संध्याकाळ निघते हाच क्राफ्टचा फायदा. महाग आहे म्हणून माणूस हळू पितो, हळू पितो म्हणून चव कळते. मित्र म्हणाला, ‘हे पगार झाल्यावरचं तत्त्वज्ञान आहे, पंचवीस तारखेला बोल.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बिल शेवटी चौघांत.

लोकल म्हणजे नक्की काय?

मग मामानं असा प्रश्न टाकला की टेबलावर शांतता. ‘हे लोकल, लोकल म्हणताय, तर ह्यात इथलं काय हाय?’

पाणी इथलं. हात इथले. बार्ली आपल्याकडे राजस्थान, हरियाणात पिकते, पण चांगल्या क्राफ्ट बिअरसाठी बरंचसं माल्ट बाहेरून येतं. हॉप्सला थंड हवा लागते. हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात ते थोडेफार पिकवले गेलेत, तरी मुख्य पुरवठा जर्मनी-अमेरिकेचाच. मग बिअर मुंढव्याची कशी?

याचं उत्तर काही ब्रुअर्सनी आपल्या स्वयंपाकघरात शोधलं. ग्रेट स्टेटनं मीठ घातलेली कोकम एल काढली. पहिला घोट घेतला की सोलकढीच्या वाटेवरून चालल्यासारखं वाटतं. हापूसच्या मोसमात आंब्याची बिअर करून बघायचा मोह तर कुणालाच आवरत नाही. पुण्यातल्याच मूनशाइन मीडरीनं २०१८ पासून मध आंबवून मीड आणलं. जर्मन मंडळी याला बिअर म्हणणार नाहीत. तिकडे बव्हेरियात १५१६ मध्ये कायदाच झाला होता: बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स, बाकी काही नाही. पण आपण कुठे बव्हेरियात राहतो? आमच्याकडे भेळेची चटणीसुद्धा प्रत्येक गल्लीत वेगळी.

मला विचाराल तर कोकम एल हा या वादातला सगळ्यात चविष्ट मुद्दा आहे. परदेशी धान्य असलं तरी त्याला आपली आंबट-खारट जीभ मिळाली की ग्लास इथला होतो. मामाचं मत: ‘गूळ घालून बघा म्हणावं.’

पडद्यामागची फॅमिली रूम

आता जरा गंभीर. पुण्यात, किंवा कुठल्याही गावात, परमिट रूम बघितलीय ना? काळ्या काचा, आत अंधार, मागच्या बाजूला ‘फॅमिली रूम’, तिला पडदा. तिथे तीन मुली जाऊन बसल्या तर वेटरपासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळ्यांच्या माना वळतात. माझ्या पिढीतल्या कित्येक जणींनी पहिली बिअर कुणाच्या तरी फ्लॅटवर, खिडक्या लावून घेतलीय.

इथे उजेड असतो. काचा पारदर्शक. शेजारच्या टेबलावर कुणाचा वाढदिवस, पलीकडे एक मुलगी एकटी लॅपटॉप उघडून बसलेली. कुणी वळून बघत नाही. माझ्यासाठी हा या जागांचा मोठा गुण आहे, हेफेवाइझनच्या केळ्यापेक्षाही मोठा. मामानंही ते हेरलं. ‘पोरीबाळी निवांत बसल्यात की,’ एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून ही केवढी मोठी पावती, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आणि रात्री दीड

पण आमच्या मजल्यावरच्या काकू हे ऐकून घेणार नाहीत. पब बंद व्हायची वेळ रात्री दीडची. त्यानंतर बाइक्सचे हॉर्न, गेटपाशी आरडाओरडा, सकाळी फुटलेल्या काचा. काकू म्हणतात, ‘तुमची चव तुम्हाला लखलाभ, आमची झोप परत द्या.’

आणि मग मे २०२४ उजाडला. कल्याणीनगरात मध्यरात्री एका आलिशान पोर्शे गाडीनं बाइकला उडवलं. बाइकवरचे दोघं जण, एक तरुण आणि एक तरुणी, जागीच गेले. दोघंही इंजिनिअर, आयटीत नोकरीला. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर, आणि त्याआधी तो पबमध्ये दारू प्यायला होता असा पोलिसांचा दावा. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात दुसरा विषयच नव्हता. गेलेली मुलं आमच्याच वयाची, आमच्यासारखीच परगावाहून आलेली. लिफ्टमध्ये काकू भेटल्या. त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, ‘घरी पोचलीस की मला मेसेज करत जा गं.’

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. गाडी चालवताना शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. नियम होतेच. पण दारात उभं राहून ओळखपत्र बघणारा माणूस खमका नसेल, तर ते कागदावरच राहतात. मला वाटतं, जी जागा स्वतःला गल्लीतली म्हणवते, तिनं गल्लीचं ऐकलंही पाहिजे. शेवटचा ग्लास कधी द्यायचा, पोरसवदा गिऱ्हाइकाला कसं परत पाठवायचं, बाहेरच्या बाइक्स कुणी आवरायच्या, हे सगळं बिअर बनवण्याच्या कामातच धरायला हवं. टाकीचं तापमान एक अंशानं चुकलं तर अस्वस्थ होणाऱ्या ब्रुअरला हे जड जाऊ नये. आणि आपणही, मंडळी! चवीनं पिणाऱ्यांचा क्लब म्हणून मिरवायचं, तर उठायची वेळही कळायला हवी.

पहिल्यांदा जाताय?

मग एवढं करा. थेट मोठा ग्लास मागवू नका. बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांचा टेस्टर सेट मिळतो, तो घ्या. सुरुवात हलक्या गव्हाच्या बिअरनं, मग एल, मग कडवट आयपीए, शेवटी काळी स्टाउट. उलटं केलंत तर स्टाउटनंतर बाकी सगळं पाणी लागेल. बर्फागार मागू नका, थोडी कमी थंड असली की वास खुलतो. गढूळ दिसली म्हणून परत पाठवू नका. रिकाम्या पोटी तर मुळीच बसू नका. मसाला पापड आहे, शेंगदाणे आहेत. कोकम किंवा आंब्याचं काही नळाला असेल तर आधी ते चाखा, ते पुढच्या खेपेला असेलच असं नाही. आणि कार घरी ठेवा. रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घाला, हवं तर.

मामा गावी परतला. परवा फोन आला. लग्नाचे फोटो, म्हशीची तब्येत, उसाचा दर, सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, ‘ते गुळाचं सांगितलंस का त्यांना?’

सांगते, मामा. येत्या शुक्रवारी. काकूंनाही घेऊन जायचा विचार आहे. त्या काही पिणार नाहीत, पण मॅनेजरला दीड वाजताच्या हॉर्नबद्दल चार शब्द सुनवायचे आहेत म्हणाल्या.